मिल लॅक्सच्या बर्फावर तांडेलसोबत एक रात्र

जानेवारी २०२३ चा शेवटचा शनिवार. इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला सकाळी उणे बावीस. अशा दिवशी शहाणी माणसं घरात बसतात, पण आम्ही दोघं गाडीत ब्लँकेटं, दोन थर्मास, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि मासे धरायचं सामान भरून हायवे १६९ ने उत्तरेकडे, गोठलेल्या मिल लॅक्स तळ्याकडे निघालो होतो. लिहायचं लिहायचं म्हणून बरेच दिवस राहून गेलं होतं, आज बसलोय.

मित्राचं नाव इथे लिहीत नाही, आम्ही सगळे त्याला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणतो. देवबागचा आहे, मालवणच्या खाली जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आहे तिथला. बाबा आयुष्यभर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, शिवाय स्वतःची एक लहान होडी. हा सहाव्या वर्षापासून बाबांबरोबर खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचा. आणि मी सांगलीचा, कृष्णेकाठचा, मासे फक्त ताटात बघितलेले. अमेरिकेत येऊन आम्हाला दोघांनाही बारा-तेरा वर्षं झाली, एकाच ऑफिसात भेटलो, आणि एवढ्या वर्षांत त्याने इथे एकदाही गरी पाण्यात टाकली नव्हती. विचारलं की म्हणायचा, तळ्यातले मासे रे, त्यात काय. पण मला कायम वाटायचं की खरं कारण वेगळं आहे, घरची आठवण फार येईल म्हणून तो टाळतोय. त्या वर्षी मीच रिसॉर्टवाल्याला फोन करून एका रात्रीचं आइस हाउस (बर्फावरची मासेमारीची खोली) बुक केलं, दोघांची फिशिंग लायसन्स काढली आणि त्याला सांगितलं, शनिवारी नऊ वाजता खाली ये.

मिल लॅक्स म्हणजे फ्रेंचमध्ये हजार तळी, पण तळं एकच आहे आणि प्रचंड आहे. ५०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होईल जवळपास तेवढं. आणि एवढं असून खोली जास्तीत जास्त ४२ फूट! परातीसारखं पसरट. रस्ता पश्चिम काठाने जातो, तिथे ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश, आहे. त्यांची गोष्ट मी गाडीत तांडेलला सांगितली कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. १८३७ च्या करारात त्यांनी जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे राज्य सरकार म्हणालं की तो हक्क आता राहिला नाही. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने ओजिब्वे जिंकले. आता तळ्यातून वॉलआय मासा वर्षाला किती काढायचा ते ठरतं आणि त्यात त्यांचा वाटा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. तांडेल बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, म्हणजे कागद टिकला त्यांचा.

बर्फावर गाडी घालायचा पहिला अनुभव मी विसरणार नाही. रिसॉर्टवाल्याने सांगितलं बर्फ अठरा इंच आहे. चार इंचावर माणूस चालू शकतो, लहान गाडीला नऊ-दहा इंच लागतो, मोठ्या पिकअपला तेरा आणि जास्त, त्यामुळे हिशोबाने आम्ही सुरक्षित होतो, पण कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो हे इथलं सरकारी खातं प्रत्येक पत्रकावर लिहितं आणि ते पोटात जाणवतंच. सीटबेल्ट सोडायचे, काचा खाली करायच्या, म्हणजे वेळ आलीच तर बाहेर पडता येतं. आणि गाडी एकदम हळू, कारण वजनाने बर्फाखाली पाण्याची लाट तयार होते आणि वेगात गेलं तर ती लाट पुढचा बर्फ फोडू शकते. उणे वीसमध्ये काचा उघड्या, डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत पांढरं. मधे एका मोठ्या भेगेवर लोखंडी पूल टाकलेला होता. तळ्यावर पूल! तांडेल स्टिअरिंग घट्ट धरून पुटपुटला, पाण्यार गाडी चलवतंय मी, बाबांका सांगलंय तर खरां वाटूचा नाय.

आइस हाउस म्हणजे प्लायवूडची खोली, दोन बंक, एक गॅसचा हीटर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म (हा नसेल तर आत झोपू नका, दरवर्षी लोक गुदमरतात), आणि जमिनीत झाकणं लावलेली भोकं. खालचा बर्फ आपण फोडायचा. त्याच्या यंत्राला ऑगर म्हणतात, पण आपल्या सुताराचं गिरमिटच ते, फक्त माणसाच्या कमरेएवढं आणि बॅटरीवर चालणारं. आधी कोरडा भुगा येत राहतो, येत राहतो, आणि मग एकदम खळ्ळ करून काळं पाणी वर चढतं. ते पाणी वर आलं ना, तेव्हा तांडेल गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि हात आत घातला. मी ओरडलो, अरे वेडा आहेस का! तो म्हणाला, थांब, बघू दे. बोटं चाटून बघितली. गोडं पाणी, म्हणाला, जसं काही त्याला खारं असेल अशी आशा होती.

भोकात तरंगणारे बर्फाचे तुकडे काढायला झारा असतो, हुबेहूब भज्यांचा झारा. ते काम माझ्याकडे होतं. आमिष म्हणून बादलीत जिवंत बारके मासे. हिवाळ्यात इथे एकाला दोन दोऱ्या टाकता येतात. एक दांडी हातात, दुसरी भिंतीवरच्या रिळावर, तिला मासा लागला की रीळ खुळखुळ्यासारखं वाजतं. इतक्या थंडीत मासे जगतात कसे, तर पाणी सगळ्यात जड असतं चार अंशाला. तेवढं थंड पाणी खाली बसतं, त्याहून थंड होणारं हलकं होऊन वरच राहतं आणि गोठतं. बर्फ त्याहूनही हलका, म्हणून तो वर तरंगतो आणि मासा खाली जिवंत. शाळेत हे वाचलं होतं, पण बर्फावर स्टूल टाकून बसल्यावर ते खरं कळलं.

तीन ते पाच काहीच नाही. फक्त बर्फ बोलत होता. गारठा वाढला की तो ताणतो, आणि लांबून एखादी रेल्वे यावी तसा आवाज येतो, घूंऽऽ करून पायाखालून निघून जातो. पहिल्यांदा आला तेव्हा मी उभाच राहिलो. तांडेल मात्र शांत बसून ऐकत होता. तो गरवताना बोलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ऑफिसात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तो.

सव्वापाचला सूर्य गेला आणि वॉलआयची वेळ झाली. या माशाच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा पडदा असतो, मांजरासारखा, त्यामुळे अंधारात त्याला दिसतं आणि बाकीच्या माशांना दिसत नाही, म्हणून तो संध्याकाळी शिकारीला निघतो. पहिल्यांदा तांडेलला दोन पर्च मिळाले, पिवळे, काळे पट्टे असलेले. आणि मग पावणेसहाला माझी दांडी वाकली. मला काय करायचं ते माहीत नव्हतं. तांडेल एकदम जवळ आला, दांडीला हात लावला नाही, फक्त म्हणाला, ओढू नको, तो जाईल तिकडे जाऊ दे, आता घे, आता घे, थांब. पाच मिनिटं असतील, मला अर्धा तास वाटला. भोकातून आधी डोकं आलं आणि टॉर्चमध्ये ते डोळे असे पेटले की मी श्वासच घेतला नाही. सोनेरी हिरवा मासा, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका.

मोजला. चोवीस इंचाला थोडा जास्त.

त्या हिवाळ्यात मिल लॅक्सवर नियम असा होता की माणशी एकच वॉलआय ठेवायचा आणि तोही २१ ते २३ इंचांतलाच, किंवा मग २८ च्या वरचा. बाकी सगळे परत पाण्यात. याला कारण आहे. या तळ्यातला वॉलआय गेल्या काही वर्षांत फार घटला. पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि पारदर्शक झालं, त्यात झेब्रा मसल नावाचे बाहेरून आलेले शिंपले २००५ मध्ये सापडले, वॉलआयची पिल्लं जन्मतात पण मोठी होत नाहीत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तर ठरलेला कोटा संपला म्हणून सरकारने भर सीझनमध्ये वॉलआयची मासेमारी बंद केली होती, काठावरची हॉटेलं, रिसॉर्ट रिकामी पडली. त्यानंतरचे हे कडक नियम.

मी तो मासा दोन हातांनी डोकं खाली करून भोकात धरला. एक क्षण तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारला, माझ्या तोंडावर पाणी, आणि गेला. तांडेलने आधीच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता.

सात वाजून गेले असतील, फोन वाजला. देवबागात सकाळ, पावणेसात. स्क्रीनवर बाबा, मफलर गुंडाळलेले, मागे माड आणि कोंबड्यांचा आवाज.

"इतको मोठो मासो सोडलंस? कित्याक?"

"बाबा, हंय मोजूचो लागता. एकवीस ते तेवीस इंच असलो तरच घेवचो. ह्यो चोवीस होतो."

"आणि सगळे सोडतत?"

"सोडतत. वॉर्डन येता बघूक."

बाबा काही बोलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "आमच्या हंय असां कोणी मोजल्यान असता तर..." आणि वाक्य सोडून दिलं. तांडेलने मला नंतर सांगितलं की त्यांच्या रापणीला शेवटच्या काही वर्षांत काय मिळत होतं. रापणीचं जाळं अख्खी वाडी मिळून ओढते, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. खोल समुद्रात पर्ससीनची, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून उचलणारी, जाळी आली, मग रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करून उपसणारे आले. एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, पण रात्री किनाऱ्यावरून बाबांना क्षितिजावर ते दिवे दिसायचेच. मासा काठापर्यंत पोचायचाच बंद झाला. मला यावर राग येतो, खरंच येतो. जो माणूस आयुष्यभर पुरेल एवढंच घेऊन परतला त्याच्या ताटातलं दुसऱ्याने एका रात्रीत उचलून न्यायचं, आणि मोजायला कोणी नाही.

पण बाबा तिथे थांबले नाहीत. त्यांनी फोन भोकावर धरायला लावला. पाणी बघितलं, दांडी बघितली. "ती दांडी बाजूक ठेव. तंगूस बोटार घे. तळाक टेकव, मगे हातभर वर घे. आणि गप रव."

तांडेलने दांडी खरंच बाजूला ठेवली. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेतली, डोळे मिटले. मी हीटर मोठा केला, चहा ओतला, भाकरी गरम केली, त्याने ती एका हाताने खाल्ली. नऊ, दहा. मी बंकवर कधी झोपलो कळलं नाही. साडेअकराला त्याच्या आवाजाने उठलो. तो ओरडत नव्हता, हळू आवाजात स्वतःशी, नाहीतर माशाशी, बोलत होता, "ये बाबा, ये, हळू." हातावर हात घेत दोरी वर येत होती, मोजे नाहीत, बोटं लाल. वर आला तो साडेएकवीस इंच. फूटपट्टीवर मी तीनदा मोजला. तांडेल भिंतीला टेकून बसला आणि रडला. मी काही बोललो नाही, त्याच्या हातात टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी तो मासा झाला. हळद, तिखट, मीठ, आगळ, वरून रवा आणि तांदळाचं पीठ. वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट, वास अजिबात नाही. तांडेलच्या बायकोने पर्चचं तिरफळ घालून तिखलं केलं ते तर त्याहून सरस होतं, माझं मत.

मे महिन्यात तांडेल घरी गेला तेव्हा बाबांनी फोनवर एकच गोष्ट मागवली होती, ती मासे मोजायची पट्टी. इथे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात स्टिकरची मिळते. ती आता देवबागात होडीच्या फळीवर चिकटवलेली आहे, फोटो मी बघितलाय. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं (वॉलआय मिनेसोटाचा राज्यमासा १९६५ पासून आहे), आणि ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवणारा आदेशही निघाला. बाबांनी त्या बातमीचं कात्रण ग्रुपवर टाकलं होतं, खाली काही न लिहिता.

पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं पक्कं होतं. पण २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की बर्फ नीट धरलाच नाही. रिसॉर्टवाल्याने स्वतः फोन करून बुकिंगचे पैसे परत केले. तांडेलच्या बाबांचा मात्र दर रविवारी फोन यायचा, आणि पहिला प्रश्न तोच.

"अजून पाणी गोठूक नाय?"