हलवा, पाचवा घाणा: काटा आला एकदाचा

आला. संक्रांतीचा हलवा, म्हणजे तिळावर साखरेच्या पाकाची पुटं, एकावर एक थर, चढवून केलेले काटेरी दाणे; त्याला काल पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान, नवव्या पुटाला, काटा आला. भिंगातून बघावा लागणारा नाही, बोटाला टोचणारा काटा. आईला उठवून दाखवला. ती म्हणाली, "बरं," आणि परत झोपली.

मागच्या वेळी इथे चौथ्या घाण्याची शेवटची खबर "१८ पुटं झाली, काटे बसताहेत" अशी दिली होती. ते खरोखरच बसले. १२व्या पुटापर्यंत दाण्यावर छान टोकं होती, २०व्याला ती बोथटली आणि २५व्याला परातीत नुसत्या गोट्या. तरी धीर धरून संक्रांतीच्या दुपारी शेगडी गच्चीवर नेली, म्हटलं कोरडं ऊन आणि गार वारा तरी मिळेल. संक्रांतीच्या दुपारी नागपुरात गच्चीवर परात मांडणारा माणूस किती शहाणा असेल ते तुम्हीच ठरवा. "ओ काट" झालं, कटलेली पतंग आमच्या टाकीवर आली, तिच्यामागे भिंतीवरून तीन पोरं आली आणि त्यांच्या पायांची सगळी धूळ माझ्या पाकात. पोरांना त्याच गोट्या वाटल्या. त्यांना आवडल्या, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. करीच्या दिवशी नवीन काही सुरू करायचं नाही, असा आईचा हुकूम. तो दिवस सक्तीने विचार करण्यात गेला, आणि बरंच झालं.

आतापर्यंत मी कोणाकोणावर संशय घेतला होता, बघा. आधी पाक. एकतारी म्हणजे नेमका किती, म्हणून थर्मामीटर लावून १०४ अंशांना उतरवला, दूध घालून मळी काढली, मलमलमधून गाळला. फरक शून्य. मग आच. इंडक्शनवर करणाऱ्यांनो, सोडा तो नाद. मंद ठेवलं की ते चालू-बंद, चालू-बंद करत राहतं आणि परात एकदा कोमट, एकदा चटका. कोळशाच्या शेगडीवर राखेचा थर देऊन परात ५५ अंशांच्या आसपास ठेवली, बोटं सहज फिरतात. तरी गोट्याच. मग तीळ. इतवारीत एका दुकानातून "एकदम साफ" म्हणून घेतलेल्या पॉलिशच्या तिळाला इतकं तेल सुटलेलं होतं की पहिली चार पुटं धरेचनात. तो प्रश्न साधे, न पॉलिश केलेले तीळ कोरडे भाजून सुटला. किराणा ओळीत जाल तेव्हा तीळ तळहातावर चोळून बघा, हात चमकला तर परत द्या. काट्याचं कोडं मात्र जागच्या जागी.

किंक्रांतीच्या संध्याकाळी महाल भागातल्या मावशीकडे तिळगूळ द्यायला गेलो. मी बोटं कशी फिरवतो ते तिच्या ताटात शेंगदाणे घेऊन दाखवलं. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "काहून रे, हलवा करून राहिला का भांडे घासून राहिला?"

तळहाताखाली दाणे गोल गोल रगडत होतो मी! वाढलेला काटा झिजवत होता तो माझाच हात.

पण हात हलका केला की दाणे पाकात चिकटून गठ्ठा होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. इथे मला जपानी कोन्पेइतो आठवलं. काटेरी साखरदाणे, अगदी आपल्या हलव्याचे चुलतभाऊ. शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलेला. १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या बरणीतून ते भेट दिले होते. तिथले कारागीर एका घाण्याला दोन-दोन आठवडे देतात, आणि त्यांची भली मोठी कढई तिरकी असते. ती सावकाश फिरते, दाणे आपल्या वजनाने घरंगळतात. कोणी रगडत नाही. टोकं आधी तापल्या पत्र्याला टेकतात, तिथला पाक आधी सुकतो, टोक वाढतं, म्हणून पुढच्या वेळी तेच आधी टेकतं.

मग काय, परातीच्या एका बाजूला अर्धी वीट. दाणे खाली जमले की बोटांच्या कडेने वर सारायचे आणि सोडून द्यायचे. पाक चमच्याने नाही, तर दर्भाच्या काडीने, थेंब-थेंब, तोही वरच्या दाण्यांवर. सुकल्याचा आवाज बदलतो: ओले दाणे फसफस करत उतरतात, सुकले की खडखड. तो खडखडाट ऐकू आल्याशिवाय पुढचं पुट नाही. या एका नियमाने जे काम केलं ते थर्मामीटरने केलं नाही.

कल्हईच्या पितळी परातीत हे स्टीलपेक्षा बरं जमतं. नॉनस्टिकवर दाणे घरंगळत नाहीत, नुसते घसरतात.

आता अडचण वेळेची. पुतण्याचं पहिलं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचं आहे, त्याला हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद आणि बासरी हवी. माझ्याकडे काटेरी माल जेमतेम १५० ग्रॅम. वहिनीला हळदीकुंकवालाही वाटायला हवाय, तिला म्हटलं गोट्या दे. त्यावर ती काही बोलली नाही. थंडी पहाटेपुरतीच उरली आहे, नऊनंतर परातीजवळ बसवत नाही. तसंही संक्रांत थंडीतून हळूहळू पुढे सरकतेच आहे म्हणा. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, विवेकानंद जन्मले तो दिवस. साधारण ७० वर्षांना एक दिवस. आपल्या पणतवंडांनी हलवा कुठल्या गारठ्यात करायचा कोण जाणे.

ठरवलं होतं की आता बासरी सोडून द्यायची, मुकुट-हारावर भागवायचं. पण हे लिहिता लिहिता एक सुचलं. वहिनीचा इडलीचा टिल्टिंग ग्राइंडर! दगड काढले की उरतो तिरका फिरणारा स्टीलचा ड्रम. वेग जास्त आहे, तो कमी करावा लागेल, आणि खालून ऊब द्यायला हेअर ड्रायर पुरेल का ते बघायचं. कोणी ग्राइंडरच्या मोटरचा वेग उतरवला असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. वहिनी उद्या सकाळी हळदीकुंकवाला धंतोलीत जाणार आहे, दुपारपर्यंत येत नाही.