रविवारी तुम्ही फोर्टात काय करता?

"रविवारी झोपायचं सोडून ठाण्याहून लोकलने मुंबईच्या फोर्ट भागात जाता, पैसेही कोणी देत नाही. करता तरी काय तिथे?" हे मला शेजारीपाजारी विचारतात, लेकही विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आम्ही चारपाच जण लोकांना दादाभाई नौरोजी रस्ता पायी दाखवतो, सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत. १८९६ च्या एका नियमामुळे इथल्या इमारतींना रस्त्याच्या बाजूने कमानींची पडवी आली. ऊन असो की पाऊस, माणूस सावलीतून दुकानं बघत जातो. मी सगळ्यांना आधी दुकानांच्या पाट्या बघायला लावते. नव्वदच्या दशकात पाटीवर पाटी चढून कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. त्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याची नोंद करून पाट्यांचे नियम मांडले. पाटी कमानीच्या चौकटीत बसवायची, दगडी नक्षी झाकायची नाही.

पण नियम लिहिला म्हणून पाटी खाली उतरत नाही. माझे वडील दुकानदार होते, त्यामुळे ती धास्ती मला ठाऊक आहे: आपली पाटी लहान झाली की गिऱ्हाईक शेजारच्याकडे वळणार. अशा वेळी दुकानदारांची अख्खी रांगच राजी करावी लागते. एकेका गल्ल्यापाशी उभं राहून, पुन्हा पुन्हा जाऊन. इथे दुकानदार तयार झाले, आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. माझ्या मते खरं श्रेय त्या गल्ल्यापाशी झालेल्या बोलण्यांचं आहे.

सगळंच अशा बोलण्याने सुटत नाही. भाडेनियंत्रणामुळे भाडी गोठली, मालक दुरुस्तीला हात लावत नाहीत, कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. या बाबतीत आम्हा स्वयंसेवकांचं काही चालत नाही. पैसा लागतोच. १९९८ साली स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशन या फोर्टातल्याच संस्थेने नुसता कलामहोत्सव भरवला नाही, परिसरातल्या वास्तूंची डागडुजीही केली. मिंट रोडजवळची १८९४ ची रतनसी मुळजी जेठा पाणपोई २०१७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुन्हा उभी राहिली.

आमची फेरी मी कधीकधी तिथवर लांबवते. पाणपोईच्या वर दगडात एक मुलगा पुस्तक वाचत बसलाय. तो रतनसींचा मुलगा धरमसी, पंधराव्या वर्षी गेला. बापाने त्याच्या आठवणीत वाटसरूंसाठी पाणी ठेवलं. हे सांगितलं की घोळका गप्प होतो, आणि कोणीतरी हमखास विचारतं, "पुढच्या रविवारी आईला घेऊन येऊ का?"