वर्षाच्या मधेच नोकरी बदलली की अमेरिकेत रिटायरमेंटच्या पैशांची वजावट कशी मिळते

सध्या इकडे न्यू जर्सीत टॅक्सचे दिवस चालू आहेत. जानेवारी संपेपर्यंत प्रत्येक कंपनीला डब्ल्यू-टू द्यावाच लागतो, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखा कागद, आणि १५ एप्रिलच्या आत रिटर्न भरायचं असतं. २०२५ मधे आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नोकरी बदलली, काहींना लेऑफमुळे बदलावी लागली, काहींना चांगली ऑफर आली, पण आता सगळ्यांच्या हातात दोन-दोन डब्ल्यू-टू आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, रिटायरमेंटसाठी जे पैसे टाकले त्याची वजावट मिळणार का आणि किती. ज्यांची मुलं इकडे आहेत किंवा जे स्वतः यायच्या तयारीत आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी दोन खाती समजून घ्या. ४०१के हे कंपनीतून चालतं, पगारातूनच पैसे कापले जातात आणि वर कंपनी थोडे घालते. आयआरए आपण स्वतः बँकेत किंवा ब्रोकरकडे उघडतो, त्याचा कंपनीशी संबंध नाही. साधं, म्हणजे ट्रॅडिशनल ४०१के असेल तर त्याची वजावट रिटर्नमधे वेगळी मागायचीच नसते, कारण डब्ल्यू-टूच्या बॉक्स १ मधे जो पगार छापून येतो तो ते पैसे वजा करूनच येतो. बॉक्स १२ मधे डी अक्षरासमोर किती कापले ते दिसतं, आणि नवीन आलेली मुलं तो आकडा बघून परत वजा करायला जातात. तसं करू नका, ती वजावट आधीच मिळालेली असते. बॉक्स ३ आणि ५ मधला पगार मात्र जास्त दिसतो कारण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स या पैशांवर लागतोच.

खरा घोळ आयआरएच्या वजावटीत होतो आणि तो नोकरी बदलणाऱ्यालाच जास्त होतो.

आमच्या बिल्डिंगमधे नांदेडचा एक मुलगा राहतो, लग्न व्हायचंय, एच-वन-बीवर आहे. जूनपर्यंत एका कंपनीत होता, तिथे ४०१के होतं आणि त्यात तो पैसे टाकत होता. जुलैत छोट्या कंपनीत गेला, तिथे पहिलं एक वर्ष ४०१केमधे घेतच नाहीत. त्याने विचार केला की आता मला ऑफिसचा प्लॅन नाही, मग आयआरएमधे वर्षाच्या मर्यादेचे पूर्ण ७,००० डॉलर टाकतो आणि सगळेच्या सगळे वजा करतो, २२ टक्क्यांच्या स्लॅबमधे आहे म्हणजे १,५४० डॉलर टॅक्स वाचेल. हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. पण त्याच्या पहिल्या कंपनीच्या डब्ल्यू-टूवर बॉक्स १३ बघितला, तिथे तीन छोटे चौकोन असतात, त्यातला मधला रिटायरमेंट प्लॅनचा, आणि त्यात बरोबरची खूण होती. ती एक खूण असली की आयआरएस, म्हणजे इकडचं आयकर खातं, तुम्हाला अख्ख्या वर्षासाठी प्लॅन असलेला माणूस धरते. सहा महिने प्लॅन होता, सहा महिने नव्हता असं अर्धं-अर्धं काही नसतं, आणि ३१ डिसेंबरला तुम्ही कुठे कामाला होता यालाही महत्त्व नाही. म्हणून दोन डब्ल्यू-टू असतील तर दोन्हींवरचा तो मधला चौकोन बघा.

खूण असली म्हणजे वजावट गेलीच असंही नाही, मग उत्पन्न बघतात. २०२५ साठी एकट्या माणसाचं उत्पन्न ७९,००० डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण वजावट, ८९,००० ला शून्य, आणि मधे असेल तर त्या प्रमाणात कमी. नांदेडच्या मुलाचं ८४,००० होतं म्हणजे बरोब्बर मधे, त्यामुळे ७,००० पैकी ३,५०० वजा झाले आणि टॅक्स ७७० वाचला. उरलेल्या ३,५०० चं काय करायचं तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ते तिथेच ठेवायचे आणि फॉर्म ८६०६ भरायचा, त्यात नोंद होते की या पैशांवर टॅक्स भरून झालाय, नाहीतर म्हातारपणी काढताना त्यावर परत टॅक्स लागेल. दुसरा म्हणजे रिटर्नची मुदत संपायच्या आत ब्रोकरला सांगून तेवढे पैसे रॉथ आयआरएमधे वळवून घ्यायचे, तिथे वजावट नसते पण नियम पाळून काढले तर पुढे वाढीवरही टॅक्स नाही. मी त्याला दुसरा रस्ता सुचवला. २७ वर्षांच्या मुलाकडे वाढायला पुष्कळ वर्षं आहेत, आणि असले जुने फॉर्म तीस वर्षं सांभाळत कोण बसतं!

आता हे उलटंही होतं. वर्षभर प्लॅन नव्हता आणि डिसेंबरमधे नवीन नोकरी लागली, तिथे न विचारताच पहिल्या पगारातून ३ टक्के कापून ४०१केमधे टाकले (२०२२ च्या शेवटानंतर सुरू झालेल्या बहुतेक प्लॅनना २०२५ पासून असं आपोआप सामील करून घ्यावं लागतं), तर त्या एका पगारापायीसुद्धा अख्ख्या वर्षाची खूण लागू शकते. म्हणून वर्षअखेरीला जॉइन होणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात एचआरच्या पोर्टलवर जाऊन काय चालू आहे ते बघावं. आणि ४०१के नुसतं उपलब्ध होतं पण वर्षभरात तुम्हीही काही टाकलं नाही, कंपनीनेही टाकलं नाही आणि खात्यात दुसरंही काही जमा झालं नाही, तर खूण असायला नको. तरी असेल तर पेरोलला, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाला, सांगून दुरुस्त डब्ल्यू-टू मागा, तो हक्क आहे. जुन्या पद्धतीच्या पेन्शनला मात्र हे लागू नाही, तिथे तुम्ही पात्र असलात तरी पुरे, नाव नोंदवलं नाही म्हणून सुटका होत नाही.

लग्न झालेल्यांसाठी एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण आपल्या कितीतरी मुली इकडे एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, येतात आणि वर्षानुवर्षं त्यांच्या नावाने काहीच जमा होत नाही. नवऱ्याच्या कमाईवर बायकोच्या नावाने वेगळा आयआरए उघडता येतो, फक्त रिटर्न दोघांचं एकत्र भरायला हवं. नवऱ्याला ऑफिसात प्लॅन असला तरी बायकोला नसेल तर तिच्या खात्याची मर्यादा पुष्कळ वर आहे, २०२५ ला दोघांचं मिळून २,३६,००० डॉलरपर्यंत तिच्या ७,००० ची पूर्ण वजावट मिळते. नवऱ्याच्या स्वतःच्या आयआरएची वजावट मात्र १,२६,००० पासून कमी व्हायला लागते आणि १,४६,००० ला संपते. म्हणजे कितीतरी घरांत नवऱ्याला वजावट नाही पण बायकोला आहे, आणि ती कोणी घेतच नाही! शिवाय ते खाते तिच्या एकटीच्या नावावर असतं, आयआरए जॉइंट नसतंच. १५ एप्रिलपर्यंत मागच्या वर्षाचे पैसे टाकता येतात, त्यामुळे अजून वेळ आहे, फक्त टाकताना २०२५ साठी असं निवडायला विसरू नका. २०२६ साठी ही ७,००० ची मर्यादा ७,५०० झालीये.

दुसरा मोठा घोळ ४०१केच्या मर्यादेचा. २०२५ ला पगारातून जास्तीत जास्त २३,५०० कापून घेता येत होते, २०२६ ला २४,५००, पन्नाशीच्या पुढच्यांना आणखी जास्त. कंपनी वर जे घालते ते यात धरत नाहीत. ही मर्यादा माणसाला आहे, कंपनीला नाही. भारतात नोकरी बदलली की आपण नवीन कंपनीला फॉर्म १२बी देतो, आधीचा पगार किती, टॅक्स किती कापला, आणि ते त्यात धरून पुढचं कापतात. इकडे तसं काही नाही, नवीन कंपनीचा पेरोल शून्यापासून मोजायला लागतो. माझ्या एका मैत्रिणीचे पहिल्या नोकरीत जुलैपर्यंत १४,००० गेले होते आणि दुसऱ्या नोकरीत डिसेंबरपर्यंत १२,०००, बेरीज २६,०००, म्हणजे २,५०० जास्त, आणि दोन्ही कंपन्यांच्या हिशोबात सगळं व्यवस्थित. हे जादा पैसे १५ एप्रिलच्या आत त्यांच्या वाढीसकट काढून घ्यावे लागतात, नाहीतर त्याच पैशांवर दोनदा टॅक्स बसतो, एकदा टाकल्याच्या वर्षी आणि एकदा पुढे काढताना. त्यासाठी प्लॅनवाल्यांना लेखी कळवावं लागतं आणि त्यांची स्वतःची मुदत बऱ्याचदा मार्चच्या सुरवातीलाच असते, तेव्हा डब्ल्यू-टू हातात आले की लगेच दोन्हींच्या बॉक्स १२ मधले डी समोरचे आकडे मिळवा. चालू वर्षात बदलत असाल तर जुन्या कंपनीचा शेवटचा पे-स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, जपून ठेवा आणि नवीन ठिकाणची टक्केवारी तो बघूनच भरा.

जुन्या कंपनीतले पैसे हलवताना चेक स्वतःच्या नावाने घेऊ नका, थेट नवीन प्लॅनकडे किंवा आयआरएकडे पाठवायला सांगा. स्वतःच्या नावाने घेतला की २० टक्के आधीच टॅक्स म्हणून कापतात, मग ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरायची, म्हणजे ते कापलेले २० टक्के खिशातून घालायचे, नाही जमलं तर राहील तेवढ्यावर टॅक्स आणि साडेएकोणसाठच्या आतल्यांना बहुतेक वेळा वर १० टक्के दंड. लेऑफ झालेल्या माणसाकडे तेवढे पैसे असतात का? थेट हलवले तर टॅक्स नाही, १०९९-आर, म्हणजे रिटायरमेंट खात्यातून पैसे निघाल्याचा कागद, येतो त्यावर जी असा कोड असतो. आणि हे हलवलेले पैसे म्हणजे नवीन गुंतवणूक नाही, त्याची वजावट परत मागता येत नाही. तो १०९९-आर रिटर्नमधे दाखवायचा मात्र असतोच, पूर्ण रक्कम एका ओळीत आणि करपात्र रकमेसमोर शून्य.

जाता जाता राज्याचं. न्यू जर्सी ४०१केची वजावट देतं पण आयआरएची देतच नाही, आणि नदीपलीकडे पेनसिल्वेनियात ४०१केचीसुद्धा नाही, त्यामुळे तिकडच्या डब्ल्यू-टूवर राज्याचा पगार केंद्राच्या पगारापेक्षा जास्त दिसतो, घाबरू नका, ते तसंच असतं. आज जर्सीत टॅक्स भरून आयआरएमधे टाकलेल्या रकमेचे कागद ठेवा, पुढे जर्सीतच राहून पैसे काढले तर तेवढ्या रकमेवर राज्य परत टॅक्स घेत नाही, पण ती किती होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं.