फेनिलअ‍ॅलनिन: कमीही नको, जास्तही नको

फेनिलअ‍ॅलनिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल; शरीराला ते बनवता येत नाही, अन्नातूनच यावं लागतं. गरजेपुरतं प्रथिनांत गेलं की उरलेल्याचं यकृतातलं एक एन्झाइम टायरोसिन करतं. हे एन्झाइम जन्मतः निकामी असलं तर तो आजार फेनिलकीटोन्युरिया. नॉर्वेचे डॉक्टर फॉलिंग यांनी 1934 मध्ये तो ओळखला, तोही लघवीच्या तपासणीतून.

निरोगी रक्तात फेनिलअ‍ॅलनिन साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. या आजाराच्या तीव्र प्रकारात ते 20 च्या वर जातं. मेंदूत शिरायची वाट इतर अमिनो आम्लांचीही तीच, त्यामुळे फेनिलअ‍ॅलनिनच्या गर्दीत ती आम्लं बाहेरच अडकतात आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून जन्मानंतर 24 ते 48 तासांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी व्हायला हवी.

या रुग्णांच्या आहाराचा हिशेब: 1 ग्रॅम प्रथिनात सुमारे 50 मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलनिन. डाळ, दूध, पनीर मोजूनमापून किंवा बंदच. अ‍ॅस्पार्टेम (फेनिलअ‍ॅलनिन असलेला कृत्रिम गोड पदार्थ) घातलेली ‘शुगर फ्री’ पेयंही नकोत. पण फेनिलअ‍ॅलनिन शून्यावर आणणं ही घोडचूक! मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि पातळी उलट चढते. तापात, उपासात हेच होतं.