निपाणी ते कणकुंबी: सतरा गाण्यांचा रस्ता

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीवरून वाद घालायचा असेल, तर तो कट्ट्यावर बसून घालू नये. वाद नेहमीचाच: सगळ्यांच्या ओळखीची गाणी हवीत, की दौऱ्याच्या विषयातली. यादी आधी सलग ऐकावी: क्रम न बदलता, मधलं एकही गाणं न गाळता. त्यासाठी दोन तासांचा रस्ता लागतो आणि आपल्या भागात तो आयता आहे. निपाणीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने बेळगाव, तिथून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. जाताना २०२५ च्या 'रन फॉर युवर लाइव्ह्ज' दौऱ्याची यादी, येताना २०२३ च्या 'फ्युचर पास्ट' दौऱ्याची. गाडीत चौघं होतो: एक निपाणीचा, एक खानापूरचे काका आणि बेळगावातले आम्ही दोघं.

निघण्यापूर्वीची तयारी. गाणी घरीच मोबाइलवर डाउनलोड करून घ्यावी लागतात, कारण जांबोटीच्या पुढे जंगलात मोबाइलची रेंज मधूनमधून जाते आणि नेमकं लांब गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. ॲपमधलं शफल बंद ठेवायचं. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय असते, तिचे सेकंद शून्यावर आणायचे, नाहीतर 'फिअर ऑफ द डार्क'ची हळू सुरुवात आधीच्या गाण्याखाली दबून जाते. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय मात्र चालू असू द्यावी. १९८१ आणि १९८८ च्या ध्वनिमुद्रणांची पातळी एक नाही आणि घाटात स्टिअरिंग सोडून आवाजाच्या बटणाशी खेळणं धोक्याचं. दारातल्या स्पीकरला बास वाढवून देऊ नका. पत्रा थरथरतो आणि बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या बोटांचा खणखणीत टणत्कार, जो या बँडचा कणा आहे, तोच हरवतो. तो टणत्कार मधल्या पट्टीत असतो, म्हणून ऐंशीच्या वेगातल्या टायरांच्या घरघरीतूनही ऐकू येतो.

निपाणीच्या तंबाखूच्या गोदामांमागून निघालो. सुरुवात नियमाप्रमाणे 'डॉक्टर डॉक्टर'ने. हे मेडनचं गाणं नव्हे, यूएफओ या बँडचं. मेडनच्या कार्यक्रमाआधी ते स्पीकरवर वाजतं आणि वाजलं की मैदानातल्या माणसाला कळतं, आता पाणी घ्यायला जायचं नाही. आपल्याकडे तिसरी घंटा होते तसं. तवंदी घाटाची चढण लागली तेव्हा 'मर्डर्स इन द रू मॉर्ग' सुरू झालं.

या यादीची अट अशी की सगळी गाणी पहिल्या नऊ अल्बममधल्या काळातली, १९८० ते १९९२. बँडची स्थापना १९७५ च्या नाताळच्या दिवशी झाली, त्याला पन्नास वर्षं होत होती म्हणून ही अट. पहिली तीन गाणी १९८१ च्या 'किलर्स'मधली, म्हणजे आजचा गायक ब्रूस डिकिन्सन यायच्या आधीच्या, पॉल डिआनो गात असे त्या काळातली. चौथं 'फँटम ऑफ द ऑपेरा' त्याच्याही आधीचं, १९८० चं. निपाणीकर मित्राला हे पटत नव्हतं.

"पहिल्याच गाण्याला सगळं मैदान उडायला पाहिजे की! 'एसेस हाय' असताना हे कशाला सुरुवातीला?"

त्याचा मुद्दा पोकळ नाही. २००८ आणि २०१८ च्या दौऱ्यांची सुरुवात 'एसेस हाय'नेच होती आणि २०१८ ला तर मंचावर स्पिटफायर विमानाची भलीमोठी प्रतिकृती अधांतरी लटकायची. पण त्या गाण्याचा स्वर सरळ वर चढतो. डिकिन्सनचा जन्म १९५८ चा. २०१५ मध्ये जिभेच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या उपचारांतून तो बाहेर आला. सदुसष्टीला टेकलेल्या गळ्याला गरम व्हायला वेळ लागतो. शिवाय उघड्या मैदानात पहिली दोन गाणी ध्वनिनियंत्रकाच्या हातात गेलेली असतात. गर्दी भरल्यावर मैदानाचा आवाज दुपारच्या तपासणीपेक्षा वेगळा येतो, वारा फिरला की उंच स्वर वाहून जातात आणि गिटारांचा तोल नव्याने बसवावा लागतो. त्या दहा मिनिटांत कमी पट्टीतली, धावती, खरखरीत गाणी ठेवली तर नुकसान कमी. 'रॅथचाइल्ड' तर तीन मिनिटांचंसुद्धा नाही. सुरुवात चुकली नाही, असं माझं मत संकेश्वरच्या बायपासवर पक्कं झालं. 'एसेस हाय' या यादीत आहे, पण पंधरावं, मुख्य भाग संपवून बँड आत जातो आणि परत येतो, त्यानंतरच्या पहिल्या जागी. गळा पूर्ण तापलेला आणि दोन मिनिटं विश्रांतीही मिळालेली.

महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं जिथे चालू आहेत तिथे गाडी सर्व्हिस रोडला उतरते आणि खड्ड्यांतून जाताना ताल चुकल्यासारखा वाटतो. हत्तरगीचा टोलनाका यायच्या आत फास्टॅगमध्ये पैसे आहेत का पाहा, नाहीतर खिडकी खाली करून बोलाचालीत 'द क्लेअरव्हॉयंट'ची सुरुवातीची बास जाते.

टोल ओलांडल्यावर, साधारण बेचाळिसाव्या मिनिटाला, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. १९८४ चं, पावणेचौदा मिनिटांचं, कोलरिजच्या कवितेवरचं. मध्यावर सगळं थांबतं, जहाजाच्या लाकडाची करकर ऐकू येते, वर निवेदनाचा आवाज. गाडीत कुणी बोललं नाही. ज्यांना वाटतं की एवढ्या वेळात तीन गाणी झाली असती, त्यांनी हे गाणं नक्की कुठे ठेवलंय ते पाहावं. आठ गाणी सलग झालेली असतात. गायकाला इथे कित्येक मिनिटं गावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्या पायांनाही उसंत मिळते. लगेच पुढे 'रन टू द हिल्स', चार मिनिटांच्या आतलं, सगळ्यांना पाठ. मग पुन्हा दहा मिनिटांचं 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन', ज्याचा उत्तरार्ध जवळपास सगळा वाद्यांचा. लांब, आखूड, लांब. दोन लांब गाणी एकमेकांना लागून ठेवली असती तर दोन्ही पडली असती.

काकती मागे टाकून बेळगावात शिरलो. गाणं थांबवलं ते फक्त कॅम्पातल्या चहासाठी आणि पाव किलो कुंद्यासाठी. मूळ वाद इथे उकरला गेला.

बेळगाव मुंबई आणि बेंगळुरूच्या साधारण मध्यावर आहे, दोन्हीकडे पाचशेच्या आसपास किलोमीटर. म्हणून इथले जुने चाहते दोन तटांत विभागलेत. मेडन २००७ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर वाजले, १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि २००९ ला पुन्हा बेंगळुरूत. पहिल्या खेपेला बँड २००६ च्या अल्बमच्या दौऱ्यावर होता. तो अल्बम त्यांनी आदल्या वर्षी अख्खाच्या अख्खा वाजवला होता आणि त्यावर परदेशातही लोक चिडले होते. मुंबईला मात्र 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौऱ्याचा नारळच फुटला: सगळी ऐंशीच्या दशकातली गाणी, अपवाद फक्त १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चा. २००७ ला रात्रभर बस किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरू गाठणाऱ्याच्या वाट्याला नवी गाणी आणि मुंबईला गेलेल्याच्या वाट्याला 'पॉवरस्लेव्ह'. निपाणीकराचं म्हणणं तिथूनच येतं: एवढ्या लांब जाणाऱ्याला ओळखीची गाणी मिळालीच पाहिजेत.

खानापूरच्या काकांनी कुंद्याचा पुडा बांधत विचारलं, "सुळेभावीच्या माणसानं काय केलं माहीत आहे ना?"

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. 'गीतवर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे एकेका ऋतूवर बांधलेले कार्यक्रम त्यांनी केले. तिथे बसून कुणी दुसऱ्या ऋतूचं पद मागत नसे. विषय ठरला की गाण्यांची निवड विषय करतो. काकांचा मुद्दा बिनतोड आहे आणि 'फ्युचर पास्ट' दौऱ्याला तो तंतोतंत लागू पडतो, कारण त्या दौऱ्यात १९८६ चा 'समव्हेअर इन टाइम' आणि २०२१ चा 'सेनजुत्सू' हे दोनच अल्बम मध्यभागी होते. 'द नंबर ऑफ द बीस्ट' नाही, 'रन टू द हिल्स' नाही, 'हॅलोड बी दाय नेम'ही नाही.

पण संगीत नाटकांची दुसरी बाजूही याच मातीतली. वन्समोअर मिळाला की नट तेच पद पुन्हा म्हणायचा, यादी प्रेक्षक बदलायचे. मेडनच्या बाबतीत हे होऊ शकत नाही. प्रत्येक गाण्याला ठरलेला देखावा, ठरलेले दिवे, ठरलेल्या क्षणी आग आणि ठरलेल्या गाण्यात मंचावर येणारा एडी, बँडचं बोधचिन्ह असलेला तो राक्षसी पुतळा. हे सगळं यादीला शिवलेलं असतं, म्हणून दौराभर यादी जवळजवळ बदलत नाही. मेटालिका या दुसऱ्या मेटल बँडचं उलट. २०२३ पासून त्यांनी एकेका शहरात दोन रात्री वाजवायचं आणि दोन रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवायचं नाही असा दौरा केला. तिथे देखाव्याची जागा मैदानाच्या मधोमध मांडलेल्या गोल मंचाने घेतली. एकाच बँडकडून दोन्ही मागणं बरोबर नाही.

गाणं गाळण्याची सगळी कारणं आवडीनिवडीचीही नसतात. २०१७ मध्ये 'हॅलोड बी दाय नेम' दौऱ्याच्या मध्यातच काढलं, कारण त्यातल्या काही ओळींच्या हक्कावरून कोर्टात दावा पडला होता. तो मिटल्यावर २०१८ ला गाणं परत आलं. २०२३ च्या जानेवारीत ढोलकर निको मॅकब्रेनला पक्षाघाताचा झटका आला आणि मे महिन्यात तो दौऱ्यावर बसलाही. २०२४ च्या डिसेंबरात साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर तो दौऱ्यांतून निवृत्त झाला, जागी सायमन डॉसन आला. यादीला नावं ठेवण्याआधी ती वाजवायला कोण बसलंय हे पाहायला हवं.

पिरनवाडीच्या फाट्याला डावीकडे खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळलो. किणये संपलं की झाडी दाट होते. 'द ट्रूपर', 'हॅलोड' आणि 'आयर्न मेडन' ही मुख्य भागाची शेवटची तीन गाणी जांबोटीच्या अलीकडे संपली. इथे दोन मिनिटं थांबून इंजिन बंद करा, खरा कार्यक्रमही इथेच थांबतो. पुढची तीन गाणी एन्कोरची, म्हणजे बँड मंचावर परत आल्यावरची, आणि त्यांत 'वेस्टेड इयर्स' सगळ्यात शेवटी. आपल्याकडे भैरवीनंतर काही नसतं. तिथे बँड आत गेल्यावर स्पीकरवर माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं हसरं गाणं लागतं, ते ऐकू आलं की उभं राहण्यात अर्थ नाही.

कणकुंबीला माऊलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे. पावसाळ्यात इथे यायचं तर दुपारी चारच्या आत परत फिरावं, चोर्ला घाटावरचं धुकं खाली उतरलं की समोरचा ट्रक दिव्यांवरूनच ओळखावा लागतो.

परतीला 'फ्युचर पास्ट'. आधी हिशेब. या यादीत १५ गाणी, जाताना १७. अल्बमवरच्या वेळांची बेरीज केली तर जातानाची सुमारे १ तास ४१ मिनिटं, परतीची सुमारे १ तास ३८. "दोन गाणी कमी दिली" ही तक्रार इथेच निकालात निघते, फरक तीन मिनिटांचा आहे. खरा दोष दुसरीकडे आहे. तिसऱ्या ते सातव्या जागेपर्यंत पाच गाण्यांत चार 'सेनजुत्सू'ची, मध्ये फक्त १९८२ चं 'द प्रिझनर', आणि शेवटी दहा मिनिटांचं 'डेथ ऑफ द केल्ट्स'. जांबोटीच्या वळणांवर आमच्यातला एक झोपला तो याच पट्ट्यात. 'केल्ट्स' आणि 'कॅन आय प्ले विथ मॅडनेस' यांची अदलाबदल केली असती तर मधला भाग उचलला गेला असता. साडेतीन मिनिटांचं गाणं आधी, दहा मिनिटांचं नंतर, आणि लगेच 'हेवन कॅन वेट'च्या कोरसला सगळे जागे.

पण मग दहाव्या जागी 'अलेक्झांडर द ग्रेट' आलं. १९८६ चं गाणं, मंचावर पहिल्यांदा वाजलं २८ मे २०२३ ला, ल्युब्लियानात. सदतीस वर्षं चाहते ते मागत होते. साडेआठ मिनिटं, मधला वाद्यांचा भाग असा की एक माणूस मोजायला चुकला तर सगळे रस्ता सोडतील. हे गाणं ऐकायला मिळावं म्हणून मी 'रन टू द हिल्स' सोडून देईन, आनंदाने. निपाणीकर देणार नाही. किणयेच्या पुढे त्याने वहीच काढली आणि नियम मांडला: सतरा जागा, त्यातल्या सोळा देखाव्यासकट पक्क्या, आणि एक, नववी किंवा दहावी, देखाव्याशिवायची, साध्या दिव्यांत, दर मुक्कामी बदलणारी. काका लगेच म्हणाले, "त्या जागेला 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' लिही." ते २०१५ चं, अठरा मिनिटांचं, पियानोवर बांधलेलं, मंचावर कधीच न वाजलेलं. अठरा मिनिटं एका जागेत बसवायची तर दुसरीकडची तीन गाणी काढावी लागतात. कोणती तीन, यावर पिरनवाडीचा फाटा आला आणि गेला. वहीत 'टू मिनिट्स टू मिडनाइट'वर एक रेघ पडली होती, बाकी दोन जागा अजून कोऱ्या होत्या.