लोक एवढ्या शिव्या देतात, तरी घेऊ का?

समोर कुणाचा तरी उघडलेला सीपीयू असतो, हातात ब्लोअर असतो, नाकातोंडात धूळ गेलेली असते, आणि नेमकं तेव्हाच काउंटरपलीकडून कॉलेजचं एखादं पोरगं विचारतं, "काका, डार्कटाइड गेम घेऊ का? लोके ते शिव्या दी राहिनात." तुम्हीही परवा हेच विचारलंत, फक्त शुद्ध मराठीत, म्हणून एकदा बसून लिहितो. काउंटरवर हे उत्तर धड देता येत नाही. दोन वाक्यं झाली की कुणीतरी टोनर मागायला येतं.

मी अमळनेरचा. ज्या गावात १९४५ साली विप्रोची सुरुवात वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली, त्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोकांना वाटतं इथल्या हवेतच सॉफ्टवेअर असेल. हवेत धूळ आहे, तिच्यावरच माझं घर चालतं. आणि रात्री दुकान बंद केलं की तास-दीड तास मी गेम खेळतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. वय एकेचाळीस. बायकोनं बोलणं सोडून दिलंय.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डार्कटाइड हा स्टॉकहोमच्या फॅटशार्क कंपनीचा गेम, ३० नोव्हेंबर २०२२ला कॉम्प्युटरवर आला. चौघांनी मिळून खेळायचा. टर्शियम नावाचं अवाढव्य, मजल्यांवर मजले चढवलेलं शहर आहे, ते रोगानं आणि एका सैतानी पंथानं आतून पोखरलंय. तुम्ही सुटका झालेले कैदी. सुटका म्हणजे काय, तर मरायला पुढे धाडण्यासाठी बाहेर काढलेले. झुंडीच्या झुंडी अंगावर येतात, त्यांच्यातून कुऱ्हाड, हातोडा, बंदूक चालवत पलीकडे निघायचं. कूळ वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या खेळाचं, त्याबद्दल पुढे.

आता शिव्या.

माझे मामा यावल तालुक्यातले, बामणोदच्या बाजूचे. तिकडच्या भरीताच्या वांग्यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, भौगोलिक मानांकन मिळालेलं वांगं आहे ते. थंडी पडली की शेतात भरीताचा बेत ठरतो. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, हिरवी-पांढरी वांगी त्यात टाकायची, साल काळी होऊन फुटली की सोलायची आणि मिरची-लसणाबरोबर लाकडी बडजीत ठेचायची. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. मामा पहिला घास तोंडात घालतात आणि सुरू होतात. काड्या ओल्या होत्या, धूर मुरलाय. मिरची बाहेरची दिसते. शेंगदाणे कशाला घातले एवढे? ठेचणाऱ्याला हात नाही. मी पोरवयापासून हे ऐकतोय. बांधावरून जाणारा कुणी ते ऐकेल तर त्याला वाटेल या माणसाला जबरदस्तीनं जेवायला बसवलंय. मामा तोवर चौथ्यांदा वाढून घेत असतात.

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, डार्कटाइडला खाली अंगठा (म्हणजे "घेऊ नका") देणाऱ्यांत असे मामा भरपूर आहेत. प्रत्येक मताशेजारी त्या माणसानं किती तास गेम खेळलाय तो आकडा असतो. पोरं अंगठा बघतात, आकडा बघत नाहीत. अकराशे तास खेळून कुणी "घेऊ नका" म्हणत असेल तर तो तुमच्याशी बोलतच नाहीये. तो कंपनीशी भांडतोय, घरातलं भांडण आहे ते. तुम्ही खिडकीतून ऐकलंत एवढंच. पाच तास खेळून जो खाली अंगठा देतो, त्याचं मात्र मी नीट वाचतो. गेम सारखा बंद पडतो का, चालण्यातच अडचण आहे का, काय करायचं ते कळतच नाही का, हे तोच सांगतो. नव्या माणसाच्या उपयोगाचं तेच असतं.

पण सगळ्याच शिव्या मामांच्या जातीच्या नव्हत्या, हेही कबूल केलं पाहिजे. २०२२च्या डिसेंबरात लोक चिडले ते खरंच चिडण्यासारखं होतं. हत्यारं सुधारायची सोय अर्धवट होती. कित्येकांचा गेम मधेच बंद पडायचा. गेममधल्या हत्यारांच्या दुकानात दर तासाला माल बदलायचा आणि तुमच्या कामाचं काही निघेल याची खात्री नाही. आणि या सगळ्यात जे दुकान पहिल्या दिवसापासून झकास चालू होतं ते खऱ्या पैशात कपडे विकणारं! म्हणजे लग्नात भात कच्चा, वरण आलेलंच नाही, पण आहेराचं टेबल मात्र वेळेवर लागलेलं. जानेवारी २०२३मध्ये कंपनीच्या प्रमुखानं जाहीर पत्र लिहून माफी मागितली, एक्सबॉक्सवर गेम आणायचं पुढे ढकललं आणि आधी आहे ते नीट करतो म्हणाले.

केलं का? केलं, पण आपल्या चालीनं. ४ ऑक्टोबर २०२३ला चारही वर्गांची कौशल्यं मुळापासून नव्यानं मांडली. चार वर्ग म्हणजे सैनिक, धर्मवेडा, मनाच्या शक्तीनं डोकी फोडणारा सायकर आणि दरवाजात न मावणारा ऑग्रिन. मी नेमका तेव्हाच गेम घेतला, त्यामुळे सुरुवातीचे हाल माझ्या वाट्याला आले नाहीत. तरी हत्यारांची एक कटकट मीही भोगली: एका हत्यारातल्या चारपैकी दोनच गोष्टी बदलता यायच्या, उरलेल्या दोन कायमच्या कुलपात. मनासारखी कुऱ्हाड मिळायची तर नशीबच लागायचं. ते कुलूप सप्टेंबर २०२४मध्ये निघालं. म्हणून मताची तारीखही बघा. २०२३च्या सुरुवातीचं मत वाचून आज गेम टाळणं म्हणजे बुजवलेल्या खड्ड्याला वळसा घालून जाणं. स्टीमवर अलीकडच्या मतांचा वेगळा गोषवारा दिलेला असतो, तो फार कमी जण बघतात.

आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. इतकी मतं वाचली, शिव्या वाचल्या, पण मारामारी वाईट आहे असं म्हणणारा क्वचितच भेटला. दुकान वाईट, कुलपं वाईट, गोष्ट तुटक, नवीन नकाशे फार उशिरा येतात, कपडे महाग. कुऱ्हाड मारायला मजा येत नाही असं फारसं कुणी म्हणत नाही. मामाही वांग्याला कधी बोलत नाहीत.

ती मारामारी कशी आहे ते सांगतो, कारण ती फोटोत कळत नाही. हा गेम निम्मा कानांनी खेळायचा. अंधाऱ्या बोळात तुम्ही समोरच्या गर्दीत कुऱ्हाड चालवताय, आणि मागे कुठेतरी टिकटिक वाजायला लागते. ती पोट फुगलेल्या बॉम्बवाल्याची. तो जवळ येऊन फुटायच्या आत त्याला ढकलायचं, मारायचं नाही, ढकलायचं, म्हणजे तो लांब जाऊन फुटतो. कुत्रा भुंकला की मान वळवायची, त्याची उडी हवेत असतानाच धक्का द्यायचा. आणि जाळं टाकणारी एक बया आहे, तिच्या यंत्राचा बारीक, चढत जाणारा आवाज ऐकू आला की हातातलं सगळं सोडून बाजूला उडी. नाही मारली तर जाळ्यात पडलेला मासा होऊन बघत बसायचं, कुणी सोडवायला येईपर्यंत. पहिल्या महिन्यात मी बहुतेक वेळ मासाच होतो. एकदा हेडफोनची एक बाजू गेलेली असताना खेळलो, तेव्हा कळलं की आपण इतके दिवस काय ऐकत होतो.

दुसरी गंमत म्हणजे जवळ राहण्याची. अंगावरचा वार झेलणारं एक निळं कवच असतं. ते सोबत्यांच्या जवळ उभं राहिलं की आपोआप भरतं, आणि समोरासमोर मारून मिळवता येतं. एकट्यानं पुढे पळालात की ते आपोआप भरायचं थांबतं. आमच्या पोरांना हेच जड जातं. क्रिकेटमध्येही त्यांना फक्त सिक्सर मारायची असते. दुकानातल्या मशीनवर एका पोराला खेळायला बसवलं, तर तो दोन मिनिटांत तिघांना मागे टाकून पुढे गेला, कुत्र्याखाली पडला आणि म्हणाला, "काका, टीम बेकार आहे." टीम बिचारी त्यालाच शोधत होती. अशानंच दोन तासांनी खाली अंगठा दिला असता तर मला नवल वाटलं नसतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: "ते टेबलावरचं माहीत नसेल तर कळतं का?"

कळतं. मलाही माहीत नव्हतं. वॉरहॅमर ४०,००० हा १९८७चा ब्रिटिश खेळ, नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा. बोटाएवढे प्लॅस्टिकचे सैनिक सुट्या तुकड्यांत मिळतात, ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर टेपनं इंच मोजत त्यांची फौज चालवायची. गोळी लागली का हे फासे ठरवतात. आधी नेम बसला का त्याचा फासा, मग जखम झाली का त्याचा, मग समोरचा त्याच्या चिलखतासाठी फासा टाकणार. म्हणजे एका गोळीमागे तीन वेळा देव आठवायचा.

माझा भाचा पुण्याला शिकतो. मागच्या दिवाळीला तो असाच एक डबा घेऊन आला आणि आमच्या ओट्यावर तीन संध्याकाळी एकच सैनिक रंगवत बसला. ब्रशला जेमतेम चार केस. डोळा रंगवताना श्वास रोखायचा. माझी आई दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गणपतीना कारखानामा कामले लागना का रे?" भाचा हसला नाही, कारण डोळा बिघडला असता.

त्याच्याबरोबर मी एक डाव खेळलो आणि तेव्हा डार्कटाइडबद्दलच्या काही मतांचा उलगडा झाला. टेबलावर साध्या शिपायाच्या हातात लासगन असते. ती इतकी दुबळी की जुने खेळाडू तिला टॉर्च म्हणतात. भाच्यानं मूठभर फासे टाकले, शेवटी माझा एक मेला. आणि डार्कटाइडमध्ये तोच साधा शिपाई, तीच टॉर्च, आणि पन्नास मुडदे! टेबलावरून आलेल्या काही जणांना हे खटकतं, त्यांच्या मते एवढा पराक्रम त्या जगात साध्या माणसाला शोभत नाही. बाकीचे मात्र खूश, कारण हे जग आजवर वरून, टेबलाशेजारी उभं राहून बघितलेलं, आणि इथे ते त्या बोटभर शिपायाच्या उंचीवरून दिसतं. गंजलेले पाइप, मेणबत्त्या, कवट्या, भिंतीएवढी यंत्रं आणि त्यांच्यापुढे प्रार्थना करणारी माणसं. भाच्याला मी गेम दाखवला तेव्हा तो मारामारी सोडून भिंतीच बघत हिंडत होता. मी त्याला तीनदा जिवंत केला.

आपल्याकडच्या पोरांना यातलं काही माहीत नसतं, त्यानं काही अडत नाही. एकच सांगून ठेवतो, त्या जगात चांगली बाजू शोधू नका. तुम्ही ज्या साम्राज्यासाठी लढता ते क्रूर आणि मूर्ख आहे, आणि ते तसंच मुद्दाम रचलेलं आहे. हे न कळल्यामुळे एकानं मला विचारलं होतं, "काका, आपले लोक आपल्यालाच का शिव्या घालतात?" आपण कैदी आहोत बाबा, म्हणून.

कुणी घेऊ नये? ज्याला गोष्ट हवी, एकट्यानं, सुरुवात-मध्य-शेवट अशी, त्यानं घेऊ नये. इथे गोष्ट मोहिमांच्या मधे तुकड्या-तुकड्यांनी येते, हा शिव्यांमधला अगदी रास्त मुद्दा आहे. त्याच्यासाठी याच जगातला स्पेस मरीन २ आहे, सप्टेंबर २०२४चा. त्यात टायटस नावाच्या निळ्या चिलखतातल्या राक्षसी योद्ध्याची सलग कथा आहे. पुष्कळ पोरांची या दोन गेममध्ये गल्लत होते, आणि मग एकाच्या शिव्या दुसऱ्याला बसतात.

ज्याचं नेट दर दहा मिनिटांनी जातं त्यानंही थांबावं, कारण खेळ सगळा सर्व्हरवर चालतो. अर्थात वीज गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही. तुमच्या जागी कॉम्प्युटरचा बॉट उभा राहतो, आणि परत आलात तर त्याच मोहिमेत पुन्हा शिरायची सोय असते. एकदा मी परतलो तेव्हा तिघं आणि बॉट मिळून शेवटपर्यंत पोहोचले होते. मी नसताना बरं चाललं होतं म्हणे.

आणि पैसे परत मिळण्याचं. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. पण या गेमचे पहिले दोन तास काहीच सांगत नाहीत. तुरुंगातून पळण्याचा भाग, शिकवणी, मग सोप्या पातळीवरच्या मोहिमा, तिथे कुऱ्हाड नुसती फिरवली तरी चालतं. खरी चव तिसऱ्या पातळीपासून लागते आणि तोवर मुदत गेलेली असते. म्हणून मी सांगतो, पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलची वाट बघा, आणि शक्यतो अजून दोघंतिघं मिळून घ्या. चौघं ओळखीचे असले की जाळ्यात पडलेल्याला सोडवतात तरी, नाहीतर निदान हक्कानं ओरडता येतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही मागच्या आठवड्यात सांगितलेल्या मशीनवर: घ्या. फक्त त्याआधी कॅबिनेट दुकानात घेऊन या. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो, आणि तुमच्या ग्राफिक कार्डाच्या पंख्यात मागच्या वर्षी मी कापसाचं बोंड बघितलंय. दुपारी चारनंतर या, तोवर उन्हामुळे मीही शटर अर्धं ओढलेलं असतं.