सोलापूरची हवा फिल्टरवर कशी वाचायची

वातावरणीय रसायनशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटली की पहिली वर्षं फिल्टर, चिमटा आणि तराजू यांच्यातच जातात. मॉडेल, नकाशे, शोधनिबंध हे सगळं नंतरचं. हा पाया कच्चा राहिला तर पुढचं सगळं काम चुकीच्या आकड्यावर उभं राहतं, म्हणून सोलापुरात या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी हिशोब. पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. ते फिल्टरवर गोळा करणारा सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, चोवीस तासांत २४ घनमीटर. हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम कण असतील तर फिल्टरवर बसतात फक्त १.२ मिलिग्रॅम. कोरा ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन फिल्टर स्वतःच शंभर-दीडशे मिलिग्रॅमचा असतो. वजनात ०.०५ मिलिग्रॅम चुकलं की उत्तर २ मायक्रोग्रॅमनं हललं. त्यामुळे इथे १ मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा मायक्रोबॅलन्सच लागतो. पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर मात्र मिनिटाला सुमारे १.१ घनमीटर ओढतो. घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमला दिवसाचे १५८ मिलिग्रॅम जमतात, तिथे चार दशांशांचा साधा बॅलन्स पुरतो.

तोलण्याआधी फिल्टर २४ तास एकाच हवेत ठेवायचा: तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के. सॅम्पलिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा हेच. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की टेफ्लॉनवर स्थिर वीज साचते आणि बॅलन्सचा आकडा ठरतच नाही. स्थिर वीज घालवणाऱ्या आयोनायझरखालून फिल्टर नेल्याशिवाय तो आकडा लिहून घेऊ नका. पावसाळ्यात उलटं होतं. कणांमधले क्षार पाणी धरतात आणि वजन फुगतं. प्रत्येक खेपेला एक फील्ड ब्लँक ठेवाच, म्हणजे जागेवर नेऊन होल्डरमध्ये बसवलेला आणि पंप न चालवता परत आणलेला फिल्टर. त्याचं वजन ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बदललं असेल तर ती खेप संशयास्पद, कारण शोधल्याशिवाय तिचे आकडे वापरायचे नाहीत.

सर्वात जास्त घोळ फ्लोमध्ये, म्हणजे पंप मिनिटाला किती हवा ओढतो त्यात होतो. उतरत्या व्होल्टेजमुळे, पंपाच्या कार्बन पात्या झिजल्यामुळे किंवा जाळी तुंबल्यामुळे फ्लो पडतो. यंत्रमागांच्या वस्तीत इनलेटच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीवर सुताचा बारीक तंतू बसतो, तो दर खेपेला ब्रशनं काढावा लागतो. फ्लो पडला की एका वेळी दोन चुका होतात. मोजलेलं घनफळ खोटं ठरतं हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण मोठे कण आधीच अडवणाऱ्या इम्पॅक्टरमधून जाणाऱ्या हवेचा वेग कमी झाल्यामुळे २.५ मायक्रॉनपेक्षा मोठे कणही आत शिरतात, आणि काळ्या मातीच्या धुळीच्या दिवसांत ही दुसरी चूक पहिलीपेक्षा भारी पडू शकते. इम्पॅक्टरची तेल लावलेली चकती धुळीनं भरली तरी तेच होतं, कण तिच्यावरून उसळून पुढे जातात. लीक टेस्ट आणि बाहेरच्या कॅलिब्रेटरनं फ्लो तपासणं दोन्ही नियमित हवं. नेमलेल्या फ्लोपासून ५ टक्क्यांपलीकडे फरक गेला तर काम थांबवायचं.

वायूंच्या बाबतीत घनफळाची आणखी एक अडचण आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, हवेचा दाब ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास. ४० अंशांच्या दुपारी मोजलेली हवा २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला आणली तर घनफळ सुमारे १० टक्क्यांनी घटतं. पीएम २.५ प्रत्यक्ष घनफळावर मांडतात, वायू प्रमाणित घनफळावर. दोन्हींची सरमिसळ झालेले तक्ते प्रबंधांतही सापडतात.

जागा निवडताना इनलेट जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर हवा, आणि आडोसा इनलेटपेक्षा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. सात रस्त्याच्या कडेला ठेवलेलं यंत्र वाहनं मोजेल, जुळे सोलापूरच्या गच्चीवरचं वस्ती मोजेल. दोन्ही खरं, फक्त प्रश्न वेगळे.

इथवर झालं वजन. पण वजन सांगत नाही की हे कण कुणाचे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर आहे, आणि पैसा रस्ते झाडण्यावर घालायचा की जाळण्यावर बंदी घालायची हे स्रोत कळल्याशिवाय ठरू नये असं माझं ठाम मत आहे. इथे रसायनशास्त्र लागतं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह हे मातीचे. मूलतत्त्वीय कार्बन इंजिनांचा आणि धुराचा.

पोटॅशियमबद्दल सोलापुरात विशेष सावध राहा. पुस्तकात ते जैविक इंधन जाळल्याची खूण म्हणून येतं. पण आपल्याकडे हिवाळ्यात उसाचं पाचट जळतं, साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जळतं, हुरड्याच्या आगटीत गोवऱ्या जळतात, आणि त्याच सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं शोभेचं दारूकामही पोटॅशियमच सोडतं. दारूकाम वेगळं काढायला बेरियम आणि स्ट्रॉन्शियम बघा, हिरव्या आणि लाल रंगासाठी तीच वापरतात. पाचट आणि आगटीसाठी लेव्होग्लुकोसान हे सेंद्रिय संयुग मोजा. ते सेल्युलोज जळताना तयार होतं, कोंदटलेल्या आगीत विशेष. त्यासाठी क्वार्ट्झ फिल्टर लागतो आणि तो वापरण्याआधी ५५० अंशांना काही तास भाजून घ्यावा लागतो, नाहीतर डब्यातूनच सेंद्रिय कार्बन येतो.

नायट्रेट तर हातातून निसटतं. अमोनियम नायट्रेट ऊन तापलं की अमोनिया आणि नायट्रिक आम्ल होऊन टेफ्लॉनवरून उडून जातं. उन्हाळ्यात नायट्रेट कमी आलं म्हणून हवा स्वच्छ होती असं लिहू नका. डिन्यूडर (वायू शोषून घेणारी नळी) आणि त्यामागे नायलॉन फिल्टर लावला तर उडालेलं पकडता येतं. तेही नसेल तर निदान वेळ संपताच फिल्टर उतरवून बर्फपेटीतून न्या आणि उणे २० अंशांवर ठेवा. त्याच आम्लाची धुळीतल्या कॅल्शियमशी गाठ पडली तर होणारं कॅल्शियम नायट्रेट मात्र टिकतं, आणि ते बहुतांशी मोठ्या कणांत सापडतं.

आयन क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे फिल्टरवरचे आयन वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीचे, आकडे आले की लगेच आयनांचा ताळा करा: धन आणि ऋण भारांची बेरीज जुळायला हवी. सल्फेटला ४८नं, नायट्रेटला ६२नं, अमोनियमला १८नं, कॅल्शियमला २०नं (हे त्यांचे तुल्यभार) भागून दोन्ही बाजू बेरजेत मांडा. सोलापूरच्या धुळीत धन बाजू जड येणं स्वाभाविक आहे, कारण चुनखडीतलं कार्बोनेट या पद्धतीत मोजलंच जात नाही. ऋण बाजू जड आली तर आधी यंत्राचं कॅलिब्रेशन बघा.

स्वस्त लेझर सेन्सर आता सगळीकडे दिसतात. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे हे सेन्सर जाड धूळ नीट पकडत नाहीत, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी पीएम १० कमी दाखवतात. आणि आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे गेली की फुगलेल्या कणांमुळे आकडा वाढवून सांगतात. प्रमाणित सॅम्पलरच्या शेजारी कोरड्या आणि दमट अशा दोन्ही ऋतूंत ठेवून सुधारणेचं सूत्र काढलं असेल तरच त्यांच्यावर लिहा.

शिक्षणाचं म्हणाल तर रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांपैकी कुठलीही एम.एस्सी. चालते, नेट किंवा गेट हवी. पुण्याची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही जवळची मोठी ठिकाणं. आयआयटीएमनं २०१८ आणि २०१९ मध्ये ढग आणि कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापुरातूनच केला, कारण आपण पर्जन्यछायेत आहोत. सोबत आकडेवारीसाठी वापरली जाणारी आर ही संगणकीय भाषा शिका.

स्रोत वेगळे काढणाऱ्या पीएमएफ (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन) या सांख्यिकी पद्धतीला शंभराच्या आसपास तरी नमुने लागतात, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही. हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या राष्ट्रीय जाळ्याच्या आठवड्यातून दोनदाच्या वेळापत्रकानं वर्षाला १०४ नमुने होतात. म्हणजे गाळप हंगाम, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही धरून एक अख्खं वर्ष फिल्टर न चुकवता बदलले, तरच विश्लेषणाला सुरुवात करण्याइतका साठा हाती येतो.